पेपरात छापून आलं म्हणजे ते अस्सल धरायचं का? (विकिपीडियावरचा संदर्भांचा वाद)

कसबेकर | शुक्रवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर पुण्यातले वाडे, देवळं, पेठा यांच्या पानांवर मी बरीच वर्षं काम करतोय. सध्या एका पानावरून जोरात जुंपली आहे. चर्चापानावर आम्ही दोघंच उरलोय आणि दोघंही हटायला तयार नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

जुन्या पेठेतलं एक छोटं देऊळ आहे. नाव आणि साल मुद्दाम देत नाही, तोच वाद इथे आणायचा नाही. पानावर स्थापनेचं एक नेमकं साल आहे, पेशवाईतलं. त्याला संदर्भ म्हणून एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतला लेख जोडलाय. वरवर पाहता सगळं रीतसर. पण पानाचा इतिहास उघडून एकेक आवृत्ती मागे गेलो तेव्हा दिसलं की ते साल पुरवणीच्या आधीपासून पानावर आहे. खातं न उघडता कुणीतरी ते घातलं होतं, कसलाही संदर्भ न देता. पुरवणीतला लेख त्यानंतर बऱ्याच काळाने आला, आणि त्यातली दोन वाक्यं विकिपीडियाच्या पानाशी शब्दन्‌शब्द जुळतात, ‘जीर्णोद्धार’ शब्दातल्या चुकीसकट. मग तिसऱ्याच कुणीतरी तो लेख आणून त्या सालाला चिकटवला. म्हणजे विकिपीडियाने पेपरला साल दिलं आणि पेपरने ते विकिपीडियाला परत केलं. मधे कुणी कागद पाहिलाच नाही. माझ्या अर्जावर साक्षीदार म्हणून मीच सही केली तर कुठली कचेरी तो घेईल?

मी साल काढलं, समोरच्यांनी बदल उलटवला, म्हणजे साल परत घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा उलटवलं. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही हा दंडक दोघांनाही माहीत आहे, म्हणून थांबलो. त्यांचं म्हणणं: दैनिक हा विश्वसनीय दुय्यम स्रोत आहे, तो चुकला असं म्हणायचं तर दुसरा छापील स्रोत आणा, तुमचा तर्क म्हणजे ‘मूळ संशोधन’, आणि स्वतःचं संशोधन विकिपीडियावर चालत नाही.

तर प्रश्न असा: स्रोत अस्सल आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? त्याच्या नावावरून, की तो स्वतः कशावर उभा आहे त्यावरून? माझं मत उघड आहे, दुसरं. तुमचे अनुभव सांगा.

तळटीप | शुक्रवार, रात्री १०:४२

कसबेकर, नियमाचं अक्षरही तुमच्याच बाजूने आहे. विकिपीडियावरून उचललेला मजकूर विकिपीडियालाच संदर्भ म्हणून वापरायचा नाही, असं इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात स्पष्ट आहे. आणि मजकूर ठेवायचा असेल तर तो सिद्ध करायची जबाबदारी ठेवणाऱ्यावर असते, काढणाऱ्यावर नाही. चर्चापानावर तारखा ओळीने मांडा: साल पानावर आलं ती आवृत्ती, पुरवणीची तारीख, संदर्भ जोडला ती आवृत्ती. तिन्ही दुवे द्या. एवढं पुरेसं आहे.

जिल्बी | शुक्रवार, रात्री १०:५०

अहो पण पुण्यात आहात ना? इथे पाटीच्या वर स्रोत नाही! देवळातली पाटी काय म्हणते?

कसबेकर | शुक्रवार, रात्री ११:०४

@जिल्बी: दाराशी काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे, तिच्यावर तेच साल आहे. पण पाटी नवीकोरी दिसते, अक्षरं संगणकावर पाडलेली. कधी बसवली ते कळलेलं नाही.

@तळटीप: तारखा मांडल्या. उत्तर आलं की वाक्यं जुळली म्हणून सालही तिथूनच घेतलं असं सिद्ध होत नाही, बातमीदाराने ट्रस्टकडून स्वतंत्रपणे घेतलं असेल.

दख्खनी | शनिवार, सकाळी ७:३०

यावरून डिचोलीचं प्रकरण आठवलं. आपल्यापैकी प्रत्येकाने ते वाचायला हवं.

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक लेख आला. पोर्तुगीज गोवा आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये म्हणे डिचोलीवरून युद्ध झालं, मग तह झाला. साडेचार हजारांच्या आसपास शब्द, जागोजागी तळटिपा, पुस्तकांची नावं, लेखकांची नावं. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. म्हणजे कुणीतरी तपासून शिक्कामोर्तब केलं. तो दर्जा डिसेंबर २०१२ पर्यंत टिकला. मग एका संपादकाने संदर्भातली पुस्तकं शोधायला घेतली, तर महत्त्वाची पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. युद्धच झालं नव्हतं. लेख उडवला गेला.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी वाटते. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत. कसलं मराठा साम्राज्य आणि कसला तह? आपल्याकडच्या आठवीतल्या मुलालाही पहिल्या ओळीत खटकलं असतं. पाच वर्षांत आपल्यापैकी कुणी तो लेख नीट वाचला नाही. तळटिपा दिसल्या की माणूस खाली जाऊन बघत नाही. तळटीप असणं आणि ती उघडून पाहिलेली असणं यात सगळा फरक आहे.

सई_पाषाण | शनिवार, सकाळी ८:१५

बाप रे. हे माहीत नव्हतं.

तळटीप | शनिवार, सकाळी ८:४०

दख्खनी, अशी अजून आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा म्हणून एक बनावट देव इंग्रजी विकिपीडियावर २००५ ते २०१५ नांदला. चिनी विकिपीडियावर तर एका सदस्येने मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर दोनशेहून जास्त लेख रचले होते, खोट्या लढाया, खोटी चांदीची खाण, खोटे रशियन संदर्भ. २०२२ मध्ये उघडकीला आलं. परक्या भाषेतलं पुस्तक कोण उघडणार, यावरच सगळं चाललं होतं.

पेठेतलाच | शनिवार, दुपारी १२:२०

कसबेकरांनी नाव घेतलं नाही, हा त्यांचा सभ्यपणा. तो दुसरा संपादक मी. माझी बाजू मलाच मांडू द्या.

मी त्या सालाच्या प्रेमात नाही. उद्या चांगला स्रोत आला तर मी स्वतः बदलेन. पण ‘हा पेपर विश्वसनीय आहे, पण या लेखापुरता नाही, कारण मला तसं वाटतं’ हे दार एकदा उघडलं की त्यातून कोण कोण आत येईल याचा विचार करा. मी आडनावांच्या, घराण्यांच्या, जातींच्या पानांवर पहारा देतो. रोज कुणीतरी येतं. आमचं घराणं अमक्या लढाईत होतं, आमच्या माळ्यावर सनद आहे, कुलवृत्तान्तात लिहिलंय. छापील पुस्तक काढलं की म्हणणार ते लिहिणारा आमच्या विरोधातला. पेपर काढला की म्हणणार पत्रकार अडाणी. प्रत्येकाकडे तर्क असतो आणि प्रत्येकाचा तर्क आपल्या पणजोबांपाशी येऊन थांबतो.

त्यांना मी एकच सांगू शकतो: माझं मत नाही, तुमचंही नाही, छापलंय ते दाखवा. हा नियम कोरडा आहे, पण अनोळखी माणसांनी एकत्र बसून ज्ञानकोश लिहायचा तर दुसरा उपाय मला दिसत नाही. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाला संपादक मंडळ होतं, वाईच्या विश्वकोशाला तर्कतीर्थ होते. कुठला स्रोत घ्यायचा ते अधिकारी माणूस ठरवायचा. आपल्याकडे असा माणूस नाही. आपल्याकडे नियम आहे.

कसबेकर | शनिवार, दुपारी १:०५

आलात ते बरं झालं, साहेब. घराण्यांच्या पानांवरचं तुमचं काम मी पाहतो आणि त्याबद्दल मला आदर आहे.

पण मी पेपरच्या जागी माझ्या पणजोबांचं साल घालत नाहीये. साल काढून जागा रिकामी ठेवा एवढंच म्हणतोय. रिकाम्या जागेने कुणाचंही नुकसान होत नाही. चुकीचं साल मात्र शाळेच्या प्रकल्पात जातं, हेरिटेज वॉकवाल्यांच्या तोंडी जातं, मग पुस्तकात जातं आणि शेवटी खरोखरच छापील स्रोत होऊन बसतं.

मोडीवाचक | शनिवार, दुपारी ३:३०

पुरालेखागारात बसून मोडी कागद वाचण्यात माझी निवृत्ती चालली आहे, म्हणून दोन शब्द.

पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडला की हाताशी येतं ते दर वेळी मूळ पत्र नसतं. नक्कल असते, मसुदा असतो, हिशेबाचा तुकडा असतो. ‘कागद सापडला’ म्हणून कुणी नाचायला लागलं की मी आधी विचारते: अक्षर कुणाचं, शिक्का आहे का, शेवटची मोर्तब मुद्रा आहे का, मित्ती (तारीख) कोणत्या सनाची? कागद जुना असला म्हणजे त्यातली गोष्ट खरी असते असं नाही. देणग्या आणि वतनांसाठी बनावट सनदा तेव्हाही तयार व्हायच्या आणि त्यांचे निवाडेही व्हायचे.

सालाचं तर विचारू नका. पेशवाईतल्या कागदावर पुष्कळदा सुहूर सन, म्हणजे तेव्हाची एक कालगणना, असतो, अरबी आकड्यांत. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६५. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७६४. पण हा सन मृगापासून सुरू होतो, म्हणजे त्याचे पहिले काही महिने १७६४ मध्ये आणि उरलेले १७६५ मध्ये. नुसती बेरीज करणारा माणूस पुढच्या मार्चचा कागदही १७६४ चा म्हणून लिहून मोकळा होतो. शकाचंही तेच. फाल्गुन शके १५५१ मध्ये ७८ मिळवून १६२९ येतं, पण फाल्गुन इंग्रजी वर्षाच्या आरंभी पडतो म्हणून ते १६३० धरायचं. शिवजन्माची तिथी हीच आहे.

पेठेतलाच, तुमचं नियमांचं वाचन दांडगं दिसतं, म्हणून विचारते. मी छापील कागदावरची सुहूर मित्ती वाचून इसवी साल लिहिलं, तर ते मूळ संशोधन का?

पेठेतलाच | शनिवार, दुपारी ४:१०

नाही ताई. कुणालाही करून पाहता येईल असं साधं गणित मूळ संशोधनात धरत नाहीत. प्रामाणिक भाषांतरही नाही. कागद छापलेला असेल, खंड आणि पृष्ठ देता येत असेल, तर मित्ती जशीच्या तशी द्यावी आणि पुढे इसवी साल लिहावं. रुमालातला न छापलेला कागद मात्र अडचणीचा, कारण वाचकाला तो पडताळता येत नाही.

दख्खनी | शनिवार, दुपारी ४:४५

शिवजन्माचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण स्रोत तोलायचा कसा याचं त्याहून चांगलं उदाहरण मराठीत नाही. १६२७ की १६३०, हा वाद किती पिढ्या चालला! १६२७ ची बाजू उत्तरकालीन बखरींची. मग जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी) पुढे आली, लोकमान्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. पुढे परमानंद कवीच्या शिवभारत या काव्याने तीच तिथी दिली, तोही समकालीन. राजस्थानात जुन्या कुंडल्या मिळाल्या, त्याही तिकडेच बोट दाखवणाऱ्या. एकमेकांना न पाहिलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगायला लागले तेव्हा पारडं झुकलं. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारायला २००१ उजाडलं.

यात कुणी ‘बखर हा विश्वसनीय प्रकार आहे का’ असं सरसकट विचारलं नाही. सभासदाची बखर महाराजांनंतर दोनेक दशकांत लिहिलेली, लिहिणारा त्या काळात वावरलेला. चिटणीसांची बखर शंभराहून जास्त वर्षांनी आलेली. दोन्ही बखरीच, वजन वेगळं. मग पेपरातली बातमी आणि पेपरातली रविवार पुरवणी यांचं वजन एकच कसं?

मुळाकाठ | शनिवार, सायंकाळी ६:००

सगळं वाचतोय. एक गोष्ट बोचते ती बोलतो.

कागद, सनद, रोजनिशी, छापील खंड, पृष्ठ क्रमांक. हे सगळं ज्यांच्या घरात लिहिणं होतं त्यांचंच आहे. माझे आजोबा पोतराजांच्या, वाघ्या-मुरळीच्या कितीतरी गोष्टी सांगायचे. आमच्या वस्तीतल्या म्हसोबाची जत्रा कधीपासून भरते, पहिला मान कुणाचा आणि का, हे सगळं म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ. विकिपीडियावर लिहायला गेलो, दोन तासांत उडवलं. शेरा: संदर्भ नाही. खरं आहे, नाही. कुणी लिहिलंच नाही तर संदर्भ येणार कुठून?

छापील मजकुरातही तेच. केसरीचे जुने अंक बघायचे तर सोय आहे. पण कृष्णराव भालेकरांनी याच पुण्यातून १८७७ मध्ये, केसरीच्या चार वर्षं आधी, दीनबंधु हे वर्तमानपत्र सुरू केलं. त्याचे अंक मिळवायला निघा, मग कळेल. ज्याचं सापडतं तेच खरं ठरत जातं. तुमच्या देवळाचं साल काढा नाहीतर ठेवा, त्याला निदान पान तरी आहे.

सई_पाषाण | शनिवार, सायंकाळी ६:२५

मुळाकाठ, +१००. यावर वेगळा धागा काढा, खरंच.

तळटीप | शनिवार, सायंकाळी ७:१०

मुळाकाठ, यावर २०११ मध्ये एक प्रयोग झाला होता. अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या तोंडी मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्याच संदर्भ म्हणून विकिपीडियाच्या लेखांना जोडल्या. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत. गावातले खेळ, पूजा, पेयं, असे विषय. त्यावर कडाक्याचं भांडण झालं आणि ती पद्धत रुळली नाही, पण मुद्दा खोडून कुणालाच काढता आला नाही.

माझा सल्ला: म्हाताऱ्या बायका आहेत तोवर रेकॉर्डिंग करा. नाव, गाव, तारीख बोलून घ्या. एखाद्या नियतकालिकात त्यावर लेख छापून आणा. मग तो लेख संदर्भ होतो. वळसा आहे, पण आज तरी रस्ता हाच.

मुळाकाठ | शनिवार, सायंकाळी ७:३०

वळसा घालायची तयारी आहे. पण वळसा दर वेळी आम्हीच का घालायचा, हेही कुणीतरी विकिपीडियाच्या चावडीवर, त्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा.

प्राध्यापिका | शनिवार, रात्री ९:००

थोडं अवांतर. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घ्यायचा उपक्रम केला होता. मुलांनी पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे परिच्छेद जसेच्या तसे उतरवले, जगभरचे संपादक ते निस्तरत बसले आणि नोव्हेंबरात उपक्रम बंद करावा लागला. तेव्हा प्रश्न कॉपीचा होता. निदान ज्याची कॉपी केली ते पुस्तक खरं असायचं!

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रकल्पांत संदर्भसूची देखणी असते आणि त्यातली पुस्तकं नसतातच. चॅटबॉटने रचलेली. लेखक खरा, प्रकाशक खरा, शीर्षक पटेल असं, आणि पुस्तक जन्माला न आलेलं. एक युक्ती सांगते. पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक घ्या, अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा. बेरजेला दहाने नि:शेष भाग गेला नाही तर क्रमांक खोटा. गेला तरी पुस्तक खरंच आहे असं नाही, पण बरीच बनावट यादी इथेच गळते. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये, यंत्राने लिहिलेले आणि न तपासलेले लेख तडकाफडकी वगळता येतील असा नियम केला. अस्तित्वात नसलेले संदर्भ ही त्याची एक खूण धरली आहे.

कोथरूडचा_ओंकार | शनिवार, रात्री ९:४०

हे सगळं ठीक, पण संदर्भावरून आता पोलीसही येतात हे विसरू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने (राज्य पोलिसांच्या सायबर विभागाने) विकिमीडियाला नोटीस पाठवली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. मी तेव्हापासून इतिहासाची पानं सोडली. पक्षी आणि झाडं यांच्यावर लिहितो.

पेठेतलाच | शनिवार, रात्री १०:०५

ओंकार, म्हणूनच तर मी नियमाला घट्ट धरून बसतो. उद्या कुणी दारात येऊन विचारलं की हे तू का लिहिलंस, तर मला सांगता आलं पाहिजे की मी नाही, अमक्याने अमक्या पानावर लिहिलंय. ‘मी आवृत्त्या तपासून अनुमान काढलं’ हे उत्तर तिथे टिकणार नाही.

दख्खनी | शनिवार, रात्री १०:३०

भीती समजू शकतो. पण मग उलटही होतं. जे लोकांना आवडेल ते कुठूनही उचलून छापलेलं चालतं आणि न आवडणारं अस्सल कागदावरून लिहिलं तरी उडतं. आपल्या शहरात स्रोतावरून किती टोकाला गेलं ते आपण पाहिलं आहे. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरचा राग ग्रंथालयावर निघाला. पोथ्यांची, कागदांची नासधूस झाली. ज्यांच्या आधारावर त्या पुस्तकाला उत्तर देता आलं असतं, तीच साधनं.

जिल्बी | रविवार, सकाळी ११:५०

मंडळी, मी त्या देवळापाशीच राहते. (कसबेकरांनी व्यनितून, म्हणजे खाजगी निरोपातून, नाव सांगितलं.) सकाळी आरतीला गेले तेव्हा बघून आले.

ग्रॅनाइटची पाटी नवीच आहे, मागचा रंग अजून ताजा. गुरुजींना विचारलं तर म्हणाले ट्रस्टच्या पोरांनी बसवली. ट्रस्टमधले एक काका तिथेच होते, त्यांना साल कुठून घेतलं विचारलं. म्हणाले, “नेटवर आहे की!”

पण खरी गंमत आत आहे. सभामंडपात डावीकडच्या खांबाला, दानपेटीच्या मागे, एक संगमरवरी तुकडा बसवलेला आहे, वीतभर. दानपेटी जरा सरकवू दिली त्यांनी. वर ‘श्री’, खाली ‘सभामंडप’, मग कुणा बाईंच्या नावाचा अर्धा भाग, ‘यांणी बांधिला’, आणि शेवटी ‘शके १७’. पुढचे दोन आकडे शेंदराने आणि तेलाने पार बुजलेत. नखाने खरवडायची हिंमत झाली नाही. फोटो काढलेत, तिरप्या उजेडातले.

मोडीवाचक | रविवार, दुपारी १२:१५

शाब्बास ग मुली! खरवडू नकोस, कुणालाही खरवडू देऊ नकोस. संध्याकाळी बॅटरीचा उजेड अगदी बाजूने पाड आणि पुन्हा फोटो घे, बुजलेल्या अक्षरांच्या कडा दिसतात.

शके १७ म्हणजे इसवी १७७८ ते १८७८ यांच्या मधलं काहीतरी. आणि हे सभामंडपाचं, देवळाचं नाही. देऊळ जुनं असेल, मंडप मागाहून घातला असेल. एकाच देवळात असे चार थर सापडतात आणि लोक सगळ्यांना मिळून एक साल लावतात.

कसबेकर | रविवार, दुपारी १२:४०

जिल्बी, तुमचे आभार कसे मानू! साहेब, आता तरी मान्य? पाटीचं साल नेटवरचं. पुरवणीचं साल बहुतेक विकिपीडियावरचं. विकिपीडियावरचं कुठलंच नाही.

पेठेतलाच | रविवार, दुपारी १:३०

जिल्बीताईंनी जे केलं ते आपण दोघांनी आधी करायला हवं होतं हे खरं. पण काकांचं ‘नेटवर आहे की’ हे मला संदर्भात लिहिता येत नाही. कुणी कुणाला दारात काय म्हणालं, याला उद्या पुरावा काय?

मी असं करायला तयार आहे. पुरवणीचा संदर्भ निघेल, कारण तारखांचा क्रम तुमच्या बाजूने आहे आणि तेवढं मला चर्चापानावर दाखवता येतं. संगमरवरी लेखाचा फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात) चढवा, लेखात फक्त दिसतं तेवढंच लिहू: सभामंडपातल्या लेखात शके १७ एवढं वाचता येतं. अनुमान काही नाही. मूळ साल मात्र ‘संदर्भ हवा’ साच्यासह, म्हणजे तशा खुणेसह, महिनाभर राहू द्या. कुणाकडे आधार असेल तर तो आणायला वेळ मिळेल.

कसबेकर | रविवार, दुपारी १:५०

फोटो आणि वाक्य मान्य. महिनाभर साल ठेवणं नाही. साचा कुणी वाचत नाही, साल वाचतात. ते उचलून अजून दोन पाट्या लागतील. आजच काढू, आधार आला की परत घालू.

तळटीप | रविवार, दुपारी २:१५

कसबेकरांशी सहमत. आणि ‘स्थापनेचे साल अज्ञात आहे’ असं वाक्य घालायचा मोह कुणाला झाला तर तोही आवरा. अज्ञात आहे असं म्हणायलाही संदर्भ लागतो. नुसती ओळ वगळा.

मोडीवाचक | रविवार, दुपारी ३:००

तुम्ही दोघं महिना की आज ते ठरवा, तोवर मी कामाला लागते. देवळाला सरकारातून काही नेमणूक असेल, तेलवातीला, नैवेद्याला, वर्षासनाला, तर ती छापील साधनांत सापडायची शक्यता आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड आहेत, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत. दोन्ही छापलेले, पृष्ठ देता येतं, म्हणजे पेठेतलाच यांची हरकत राहणार नाही. मात्र नोंद मिळाली तरी तिचा अर्थ एवढाच की त्या मित्तीला देऊळ उभं होतं. स्थापना तेव्हाची असं कुणी लिहिलं तर मीच उलटवीन.

अडचण एकच. पेशवाईत देवळाचं नाव आजचंच असेल असं नाही. देवळं तेव्हा आश्रयदात्याच्या, नाहीतर शेजारच्या वाड्याच्या नावाने ओळखली जायची. जिल्बी, गुरुजींना जुनं नाव विचारशील का? त्यांच्या आजोबांच्या वेळी लोक काय म्हणायचे तेवढं पुरे.

मुळाकाठ | रविवार, दुपारी ३:२०

बघा, शेवटी तोंडी माहितीशिवाय छापील खंडातलं पान उघडत नाहीये.

मोडीवाचक | रविवार, दुपारी ३:२५

अगदी बरोबर बोललात. आणि नोंद सापडली तर गुरुजींनी नाव सांगितलं म्हणून सापडली, हे मी माझ्या टिपणात लिहीन.

जिल्बी | रविवार, रात्री ८:४५

विचारलं. गुरुजींनी दोन नावं सांगितली, एक त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं आणि एक जुन्या पावतीपुस्तकावरचं. दोन्ही व्यनि केली आहेत. बॅटरीचे फोटोही पाठवलेत. तिसरा आकडा बहुधा ३ आहे, किंवा ८. चौथा अजिबात नाही.

पेठेतलाच | रविवार, रात्री ९:१०

ती नावं मलाही पाठवा. रोजनिशीचे खंड नगर वाचन मंदिरात आहेत का ते मी उद्या विचारतो. ताई, तुम्ही दफ्तराचे ४५ बघा, तेवढे माझ्याने व्हायचे नाहीत. साल आज काढतोय. पण तारखांच्या क्रमाचं कारण देऊन काढतोय, कसबेकरांच्या तर्काचं नाही.

कसबेकर | रविवार, रात्री ९:२०

कारण कोणतंही लिहा. नावं पाठवली.